फणस म्हणजे दुरियन नव्हे!

सिंगापूर
बुधवार, रात्रीचे साडेदहा

ति. सौ. आई आणि ति. बाबा,



आधी तो टीव्ही बंद करा, मग पत्र वाचायला घ्या. शनिवारी दुपारपासून आईचे जे फोन आले ते मी समुद्रात असल्यामुळे घेतले नाहीत, ज्वालामुखीत असल्यामुळे नव्हे. बातम्यांत जो धूर दाखवत होते तो फ्लोरेस बेटावरचा. आम्ही होतो बिन्तानला. दोन्ही इंडोनेशियातच, हे कबूल. पण त्या देशात १७ हजारांवर बेटं आहेत आणि ह्या दोघांमध्ये २ हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. गुहागरहून श्रीनगरसुद्धा त्यापेक्षा जवळ. श्रीनगरला बर्फ पडला म्हणून तू कधी बाबांना स्वेटर घातलास का? (घातलाही असशील. तुझा नेम नाही.)

पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे. आत वॉशिंग मशीन फिरतंय, त्यात बिन्तानची निम्मी पुळण आहे. चिनूच्या प्रत्येक खिशातून शिंपले निघाले, त्यांतला एक चालत होता. ओवीच्या दोन्ही खांद्यांची सालं निघताहेत; 'माझं स्किन टॅन झालंय' असं ती म्हणते, 'भाजलंय' असं माई आत्या म्हणते. फोनवर सगळं सांगितलं असतं, पण बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणजे येतं, आई शेजारून बोलत असली की येत नाही.

पार्सल पोचलं. शमाताईच्या मुलाने शुक्रवारी रात्री उशिरा आणून दिलं, आमच्या बॅगा दारात असताना. मेतकूट, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी, आणि प्रत्येक पुडीवर बाबांच्या अक्षरात नाव, वजन नि खाली 'लवकर संपवणे'. बाबा, औषधाचं दुकान बंद करून बारा वर्षं झाली, आता पुड्यांना मोकळं सोडा. आत्याने त्याच रात्री आंबापोळी दिव्यासमोर धरून पाहिली आणि म्हणाली, "सुमनने यंदा पातळ घातली आहे." मी नुसता निरोप पोचवते. नणंद-भावजयांनी ते भांडण जूनमध्ये ओटीवर बसून समोरासमोर करावं.

तर, जायचं कसं ठरलं. इथे बुद्धपौर्णिमेला वेसाक डे म्हणतात आणि सरकारी सुट्टी देतात. ती सोमवारी आली. मिलिंद ऑफिसातून आला तो, "ह्या वेळी काहीही बघायचं नाही, फक्त आराम," असं म्हणत आला, आणि जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉपवर आरामाचं वेळापत्रक केलं. दहा ते साडेअकरा आराम, तलावाकाठी. साडेअकरा ते एक, आराम, खोलीत. आत्याने चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "ह्यात डुलकी कुठे आहे?"

बिन्तानला इथून बोट जाते, तानाह मेराहच्या धक्क्यावरून. तासाभराचा प्रवास. तिथलं घड्याळ आपल्या, म्हणजे सिंगापूरच्या, एक तास मागे. त्यामुळे सकाळी आठच्या सुमाराला निघालो आणि आठच्याच सुमाराला पोचलो. चिनूला वाटलं बोट हललीच नाही. आत्या मात्र प्रसन्न झाली. "माझ्या आयुष्यात मला कोणी तास परत दिला नव्हता," म्हणाली. परत येताना तो काढून घेतात, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

बाबांनी मिलिंदला लग्नात दिलेलं घड्याळ अजून बिनचूक चालतं, हाच त्याचा दोष. फोनमधली वेळ आपोआप मागे गेली, घड्याळातली गेली नाही, आणि मिलिंदचा विश्वास सासऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या नाश्त्याला तो आम्हाला साडेपाचला घेऊन गेला. काळोख, बंद दार, आणि आतून एक मुलगा आमच्याकडे बघत काटे-चमचे मांडतोय. आत्याला काही गैर वाटलं नाही. तिची अंघोळ, विष्णुसहस्रनाम सगळं उरकलेलं होतं.

आता पैशाचं. बाबा, खाली बसा.

धक्क्यावर उतरल्यावर आपल्या पासपोर्टवाल्यांना व्हिसा तिथेच मिळतो. माणशी ५ लाख. चिनूलाही ५ लाख, वय बघत नाहीत. आम्ही पाच जण, म्हणजे २५ लाख. मिलिंदने शांतपणे कार्ड पुढे केलं तेव्हा आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, एवढ्यात चिपळुणात ब्लॉक येईल!" मग तिला समजावलं की हे रुपये नव्हेत, रुपिया; सिंगापूरच्या एका डॉलरला साधारण साडेबारा हजार मिळतात; सगळे मिळून आपले तेरा हजार रुपये होतील. तिला हायसं वाटलं. दोन मिनिटांनी पुन्हा मनगट धरलं. "तेरा हजार? शिक्क्याचे?"

आणि शहाळं. समुद्राकाठच्या छपरीत बसलो, समोर निळं पाणी, वर माड, आणि हातात यादी. शहाळं ८० हजार. त्यावर कर आणि सेवाशुल्क मिळून २१ टक्के. म्हणजे ९६ हजार ८०० रुपियांचं एक शहाळं, आपले जवळजवळ पाचशे रुपये. त्यात कागदाची छत्री खोचलेली आणि मलई खरवडायला चमचा नाही. चमचा मागितला तर आईस्क्रीमचा आणून दिला. आत्याने हाक मारून त्या पोराला बोलावलं आणि शहाळ्याच्याच सालीचा टवका काढून त्याची खरवडणी कशी करतात ते दाखवलं. त्याला ते माहीत होतं. तो हसला आणि म्हणाला की घरी आम्हीही असंच करतो, इथे करायचं नसतं. बाबा, तुम्ही आणि गणू माडाखाली उभे राहून एका नारळामागे किती, ह्यावर जो तासभर घालवता, तो ह्यापुढे नका घालवू. गणू मागेल ते द्या.

दादाला सांग, दराचं पत्रक आणलं आहे. हो, मला वहिनीने सांगितलंय. तू 'अजून कोणाला बोलू नको' म्हणालीस म्हणून मी वहिनीशीच बोलले. 'पुळण होम-स्टे', चार खोल्या, मागच्या पडवीत संडास-बाथरूम, आणि पाटीवर 'घरगुती जेवण मिळेल'. त्याच्याबद्दल पुढे लिहिते. आधी फणस.

(कुकर झाला. मशीनमधून अजून पुळण येते आहे.)

आरामाच्या वेळापत्रकाला रविवारी सकाळी आत्याने सुरुंग लावला. "किती वेळ नुसतं बसायचं? गाव कुठाय?" मग गाडी ठरवून तांजुंग पिनांगला गेलो आणि तिथून छोट्या होडीने समोरच्या पेन्येंगात बेटावर. एवढंसं बेट, पण जोहोर-रियाउच्या सल्तनतीचा एक कारभार तिथून चाले. तिथे एक पिवळीधमक मशीद आहे, १८३२ सालची. बांधताना चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घातला अशी गोष्ट सांगतात. बाबांनी ऐकलं असतं तर तिथेच गूळ, बेलफळ, उडीद ह्या सगळ्यांवर व्याख्यान झालं असतं आणि होडी सुटली असती. तुमच्या वतीने मी पोरांना दोन वाक्यांत सांगितलं. आत्याचा प्रश्न वेगळाच. "मग पिवळं कोणी खाल्लं?" होडीवाल्याने आनंदाने सांगितलं, कामगारांनी. आत्या म्हणाली, "मुकादम हुशार होता."

आणि पोटाचं सांगते. तिथे 'व्हेज' म्हणजे मांसाचे दिसणारे तुकडे काढलेले. पालेभाजीतही वाटलेली सुकी कोळंबी असते, ती दिसत नाही, वास मात्र येतो. आत्या तीन दिवस भात, मेतकूट आणि पापड ह्यांवर होती. मेतकूट संपवणे ह्या आदेशाचं तिच्याइतकं पालन कोणी केलं नाही. एक गोष्ट तिला आवडली. क्लेपोन म्हणून तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत ताडगूळ, वर ओलं खोबरं. तिने एक तोंडात टाकली, डोळे मिटले, दुसरी टाकली. मग निकाल दिला, "उलटा मोदक आहे. कळ्या पाडायचा कंटाळा केलाय."

येताना रस्त्याच्या कडेला एक टेकडी कापलेली होती. मी पेंगत होते. आत्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली, "थांब रे." उतरून बघते तर लालभडक माती. अगदी आपली. ह्या बेटावर बॉक्साइटच्या खाणी होत्या, डचांच्या काळापासून. आपल्याकडे केळशी-उंबरशेतच्या बाजूला सापडतं तेच. आत्या खाली वाकली, चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली. मी तिला हसायला म्हणून तोंड उघडलं आणि आई, मला एकदम आपली मागची वाट दिसली, विहिरीकडे जाणारी, पहिल्या पावसात जिच्यावरून मी दरवर्षी घसरायची आणि फ्रॉकच्या मागे जो डाग पडायचा तो तू साबण लावूनही जायचा नाही. मला रडायलाच आलं. भर रस्त्यात, ड्रायव्हरसमोर. ओवी म्हणाली, "आई, आर यू ओके? इट्स जस्ट मड." चिनू म्हणाला, "आजीकडची माती इथे कशी आली?" त्याला मी काय सांगणार.

आत्याने ती माती टिश्यूच्या कागदात बांधून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. सिंगापुरात माती आणू देत नाहीत. झाडांना रोग येऊ नये म्हणून, कारण रास्तच आहे, पण मला ते तिला सांगायला जड गेलं. निघताना धक्क्यावरच्या कुंडीत तिने ती पुडी रिकामी केली आणि हात झटकले. "जाऊ दे. त्यांचीच होती," म्हणाली. नंतर मात्र अर्धा प्रवास होईपर्यंत तिने गप्पा मारल्या नाहीत.

तर फणस. त्याच रस्त्यावर पुढे एका बाईने टोपल्या मांडल्या होत्या. आत्याने काच खाली केली, हुंगलं, आणि फर्मान सोडलं. फणस निवडताना तिला तुम्ही पाहिलंच आहे, ती त्याला डॉक्टरसारखी टिचक्या मारून बघते. चांगला सात-आठ किलोचा, पिकलेला, कापा. भाव सांगत नाही, इतका स्वस्त की आत्याने घासाघीसच केली नाही आणि मग दिवसभर त्याची हळहळ केली. फणस डिकीत, वर वर्तमानपत्र.

रिसॉर्टच्या फाटकावर एक पाटी आहे. लाल वर्तुळ, त्यावर तिरपी रेघ, आत एक काटेरी फळ. ते दुरियन. फळांचा राजा म्हणतात त्याला इकडे, आणि वास असा की सिंगापूरच्या एमआरटी रेल्वेतही त्याला मज्जाव. खाणारे त्याच्यासाठी जीव टाकतात, न खाणारे जीव मुठीत धरून पळतात. मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण पहारेकऱ्याने डिकी उघडली, वर्तमानपत्र बाजूला केलं आणि पाटीकडे बोट दाखवलं.

आत्या गाडीतून उतरली. तिने नुसता पदर खोचला की आम्हाला कळतं, तुम्हालाही कळेल. तीस वर्षं मुख्याध्यापिका. आधी मराठीत बोलली, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत, कारण राग मराठीतच नीट येतो. पहारेकऱ्याने वॉकी-टॉकीवर कोणाला तरी बोलावलं. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर पंचविशीतला, गळ्यात टाय, नियमावलीची वही घेऊन आला. वहीत म्हणे लिहिलंय: दुरियन आणि तत्सम उग्र वासाची फळं.

"तत्सम?" आत्या म्हणाली. त्या एका शब्दावर तिने वीस मिनिटं काढली. तिने त्या मुलाचा हात धरून फणसावर ठेवला. "टोचतं का? दुरियनला हात लावून बघ, रक्त येईल." मिलिंद माझ्याकडे बघून खाणाखुणा करत होता की राहू दे, टाकून देऊ, आरामाची वेळ निघून चालली आहे. पण ओवी, जी दोन दिवस एकाही गोष्टीत भाग घेत नव्हती, तिने फोन काढला आणि आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दुरियन जास्वंद-भेंडीच्या कुळातलं आणि फणस वड-उंबर-अंजिराच्या कुळातला, हे तिने पुराव्यासकट वाचून दाखवलं. मॅनेजरने वही मिटली. हे त्याला हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये शिकवलेलं नसावं.

निकाल असा लागला की फणस दुरियन नाही हे मान्य, पण खोलीत न्यायचा नाही. फाटकाबाहेर, चौकीपाशी, खायला हरकत नाही.

मग तिथेच बैठक बसली. पहारेकऱ्याने सुरा आणला, वर्तमानपत्रं पसरली. चीक हाताला लागू नये म्हणून खोबरेल हवं होतं. आत्याने पर्समधून एक इवलीशी बाटली काढली. खोलीच्या भाड्यात पायाच्या मालिशचं एक फुकट कूपन होतं, ते आत्याला दिलं होतं, आणि तिथे तिला भेट म्हणून 'सुगंधित शुद्ध नारळतेल' मिळालं होतं. तीच बाटली विकत घ्यायची तर किती लाख, ते विचारू नका. आत्याने ती पूर्ण सुऱ्याला आणि स्वतःच्या हातांना चोळली. पहारेकरी, ड्रायव्हर, बागेतला माळी आणि थोड्या वेळाने टाय खिशात घालून तो मॅनेजर, सगळ्यांनी गरे खाल्ले. आत्या मराठीत विचारत होती, ते त्यांच्या भाषेत सांगत होते, आणि दोघांचं कुठे अडल्याचं मला दिसलं नाही. पहारेकऱ्याची आजी आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडून ठेवते म्हणे. आत्याने सगळ्या आठळ्या त्यालाच बांधून दिल्या. चिनूने इतके गरे खाल्ले की रात्री त्याचं पोट तपासावं लागलं.

आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला काय? काचेच्या वाडग्यात, बर्फावर, फणसाचे गरे. बिया काढलेले, लांब लांब चिरलेले. आत्याचा आवाज त्या पूर्ण सभागृहात घुमला: "हा आत कसा आला?"

(अकरा वाजून गेले. मिलिंद आता विचारतोय की अजून कोणाला लिहिते आहेस. तुम्हालाच, म्हटलं. तो म्हणाला, माझाही नमस्कार लिही, आणि ज्वालामुखी नव्हता हे पुन्हा लिही.)

काजव्यांचं राहिलं. रिसॉर्टवाले सेबुंग नदीत संध्याकाळी होडीतून नेतात, खारफुटीतले काजवे दाखवायला. मिलिंदने पैसे भरले. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या रात्री! एवढा चंद्र वर आलेला की होडीत बसून पेपर वाचावा. काजवे होते, पण चंद्रापुढे बिचाऱ्यांचं काही चालेना. होडीवाला दिलगिरीने सांगत होता की अमावास्येला या. आत्या म्हणाली, "तिथी न बघता काजवे बघायला कोण येतं?" आता तुमच्याकडे पावसाआधी काजवे निघतील, मागच्या आवारात, फुकट. ओवीने ते पाहिले तेव्हा ती चार वर्षांची होती, तिला आठवत नाही. मी रात्री तिला सांगत बसले तर ती म्हणाली, "व्हिडिओ आहे का?" दादाला सांग, ह्या वर्षी काढून पाठव. येणार नाही नीट कॅमेऱ्यात, मला माहीत आहे. तरी.

तिथली सुरूची बनं मात्र बघायला हवी होती तुम्ही. सुरू मूळचा ह्याच बाजूचा, आपल्याकडे तो लावलेला. म्हणजे गुहागरला तो सासरी आणि इथे माहेरी. माहेरी काही वेगळा वागताना दिसला नाही, तोच सू सू आवाज.

आता दादाचं. शनिवारी संध्याकाळी आत्या पुळणीवर गेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून, आणि पाण्यात बसली. मी घाबरून धावले. ती लाटेत बसून हसत होती. वरती लाल बावटा, जीवरक्षक शिट्टी वाजवतोय, लांब कुठेतरी वीज चमकली म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचा नियम, आणि ही उठायला तयार नाही. शेवटी तिला हात देऊन उठवलं. ओली, पदराला वाळू, आणि मला म्हणते, "आपल्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. सुमन शेवटची कधी गेली गं?"

मला सांगता आलं नाही. आम्ही मे महिन्यात दहा-बारा पोरं रोज संध्याकाळी जायचो, ओल्या कपड्यांनी परत यायचो, आणि पातेलंभर आमरस तयार असायचा. तू आमच्याबरोबर आलेली मला एकदाही आठवत नाही, आई. बिन्तानला सकाळी खोली आवरायला दोघीजणी यायच्या, टॉवेलचा हंस करून ठेवायच्या. (चिनू त्या हंसाला अंग पुसू देईना. आत्या पंच्यावरच होती.) नाश्त्याला आठजण, तलावाला तीनजण, फाटकाला दोन. मी काहीच काम नसल्यामुळे ही माणसं मोजत बसले आणि दादाची पाटी डोळ्यांपुढे येत राहिली. 'घरगुती जेवण मिळेल.' दादा, मिळेल ते कोण करणार? वहिनीची शाळा सकाळची. मग पाटीवर स्पष्ट लिही: 'आई करील.'

होम-स्टे कर. खरंच कर, मी थट्टा करत नाही, आणि पैसे कमी पडले तर मिलिंद देईल म्हणाला आहे. पण स्वयंपाकाला दोन बायका आधी ठेव, संडास मग बांध. आणि आई, 'मला कुठे जड जातं' असं फोनवर म्हणू नकोस. मला मागे विळीचा आवाज ऐकू येतो.

बाकीच्यांची उत्तरं भराभर देते. नानाकाकांना सांगा, गणपतीची नोट मिळाली नाही. ती खरी होती, तो फॉरवर्ड अगदीच खोटा नाही. वीस हजार रुपियांची, १९९८ सालची. पण २००८ पासून चलनातून गेली. मॅनेजरला विचारलं तर त्याने ती लहानपणी पाहिल्याचं सांगितलं. काकांना गणपती आपल्याच देवळात बघायला सांगा, तिथे व्हिसा लागत नाही.

बंड्याचं लग्न लांज्याला नि मुलगी बँकेत, दोन्ही छान. आमच्याकडून आहेर किती ते बाबांनी ठरवू नये, आईने ठरवावा. चाट-काउंटर ठेवायला बंड्याच्या सासऱ्यांचा विरोध का, हे कळलं नाही, पुढच्या फोनला सविस्तर. तात्यांनी बांधावरच्या काजूला पुन्हा हात लावला असेल तर बाबांनी ह्या वयात मोजणी बोलावू नये. पंचवीस वर्षांत जेवढे काजू गेले त्यापेक्षा मोजणीचा खर्च जास्त झाला आहे. वानरांनी आंब्याचं नुकसान केलं हे वाचून वाईट वाटलं. बिन्तानलाही माकडं होती, लोक त्यांचे फोटो काढत होते. एकाने मिलिंदच्या हातातला चिवडा नेला. बाबा असते तर गोफण निघाली असती आणि आम्हाला दंड झाला असता.

आत्याचं विमान १० जूनला, मुंबईला पहाटे. दादाने न्यायला जायचं आहे, भाऊजींना सांगू नका, ते विसरतात. तिच्या गुडघ्याचं आता बरंच बरं आहे, पण जिना चढताना मोजते, आणि विचारलं तर चिडते.

बाळगोपाळांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. आत्या उठून पाणी प्यायला आली आहे आणि शेजारी उभी राहून सांगते आहे ते जसंच्या तसं लिहिते:

"बाळ, तुझ्या लेकीचं घर चांगलं आहे, पण बाल्कनीत पापड वाळत घातले तर बिल्डिंगची नोटीस येते. सुमनला सांग, कैरीचं लोणचं मी येईपर्यंत घालू नये. ती हिंग कमी घालते. आणि माझ्या खोलीचा होम-स्टे करायचा असेल तर मला विचारून करा. खिडकीखालचा पलंग मी देणार नाही. गिऱ्हाइकाला दुसरीकडे निजवा."